म्हातारबा गिळेना

माझी बी.एस्सी.ची पदवी आणि आमच्या घरातला गिनीपिग, दोन्ही एकाच उन्हाळ्यात आले. आई म्हणायची, आधी उंदीर आला, मग कागद. कागदाची चौकट करून दादांनी तो भिंतीवर लावला आणि उंदीर त्याच्या बरोबर खाली ठेवला.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही आणि उगाच नम्र होऊनही सांगत नाही. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. आई घर सांभाळून द्राक्षाच्या हंगामात बागेवर पेट्या भरायला जायची. दोघांनी ठरवलं, पोरगी शिकणार. मी शिकले. प्राणिशास्त्र घेतलं, कारण मला बेडकाच्या आत काय असतं हे बघायचं होतं. याहून मोठं कारण तेव्हा नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या विभागामागे पत्र्याची एक शेड होती, तिच्यात पांढरे उंदीर, ससे आणि गिनीपिग ठेवायचे. परीक्षा झाल्यावर शेड रिकामी करायची निघाली, तेव्हा उरलेल्यांतला एक तांबूस-पांढरा, पाठीवर भोवरा असलेला गिनीपिग मी मागून घेतला. सर म्हणाले, "ने. पण परत आणू नकोस." भाजीच्या पिशवीत घालून सिटी बसने मी त्याला कॉलनीत आणला, तर दारातच शेजारची काकू उभी.

"काय आणलंस गं?"

"गिनीपिग."

"पिग? म्हंजी डुक्कर?"

"डुकराशी काही संबंध नाही, काकू. उंदराच्या जातकुळीतला आहे. पण नातं लांबचं."

"लांबचं असेल तर राहू दे," दादा आतून म्हणाले. "जवळच्यांनी काय दिवे लावलेत!"

आईने मात्र तोंडाला पदर लावला. "उंदीर मारायला लोक औषध आणत्यात, माझी पोरगी उंदीर आणती. शिकून हेच?"

दादांनी लाकडी खोक्याला जाळी ठोकून पिंजरा केला. आईने पंधरवडाभर त्याच्याकडे बघितलं नाही. मग एक दिवस ती बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली, मेथीची जुडी सोडली, आणि खोक्यातून शिट्टी आली. बारीक, चढत जाणारी, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तशी. आईने जुडी हलवली, पुन्हा शिट्टी. तिने जुडी मागे लपवली तर शिट्टी बंद. तेव्हापासून तो आईचा झाला. "मी घरात आले तर कुणी मान वर करत नाय," ती म्हणायची, "ह्यो तरी 'आलीस का' म्हणून इचारतो." मेथीचे देठ, फ्लॉवरचा पाला, रस्त्याकडेची हरळी, पेरूची फोड, असं त्याचं चाललं. खातानाचा आवाज सगळ्या घरात ऐकू यायचा. कुणीतरी खडूने पाटीवर भराभर लिहितंय असं वाटायचं.

त्याला नाव असं कुणी ठेवलं नाही. आधी तो 'उंदीर' होता. पाच-सहा वर्षांनी त्याची चाल मंदावली, भोवऱ्याचे केस विरळ झाले, आणि आई त्याला 'म्हातारबा' म्हणायला लागली. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते. घरात माझ्या लग्नाचा विषय रोज निघे आणि रोज बुडे.

आता म्हातारपणाचा आमच्या घरातला कायदा सांगायला हवा. आईचं माहेर घोटीकडचं, भाताच्या मुलखातलं. दुखणं आलं की पेज, आणि म्हातारपण आलं की मऊ. माझे आजोबा, म्हणजे दादांचे वडील, शेवटची काही वर्षं आमच्याकडे होते. त्यांचे दात पडले तसं आईने त्यांचं ताट बदललं. भाकरी दुधात कुस्करून, भात मऊ गुरगुट्या, भाजी घोटून. गावाकडच्या बायका येऊन बघून जायच्या आणि "सून असावी तर अशी" म्हणायच्या. शेवटी शेवटी आजोबांना तेही गिळेना. घास तोंडात फिरायचा आणि ओठांच्या कडेने परत यायचा. आई चमचा धरून तासन्‌तास बसायची. ते गेले तेव्हा कुणी तिला काही बोललं नाही, पण ती स्वतःच म्हणायची, "माझ्या हातचा घास उतरला नाय त्यांच्या गळ्याखाली." विहारात पौर्णिमेला गेलो की ती त्यांच्या नावाने काहीतरी दान द्यायची. दर वेळी खायचंच काहीतरी.

तर म्हातारबा म्हातारा झाला, आणि त्यालाही तोच मान मिळाला. "आता त्याला गवत काय टाकताय? दात तरी ऱ्हायलेत का त्याला?" दुधात भिजवलेलं बिस्कीट, मऊ भात, किसलेलं गाजर, उकडलेला बटाटा. खडूचा आवाज बंद झाला. आम्हाला ते बरोबरच वाटलं. म्हातारी माणसं शांतपणेच जेवतात.

एका थंडीत त्याचं खाणं बिघडलं. आधी आईच्या लक्षात आलं. वाटी ठेवली की तो शिट्टी मारत यायचा, तोंड घालायचा, जबडा हलवायचा, आणि थोड्या वेळाने मागे सरायचा. वाटीतलं होतं तसंच. हनुवटीखालचे केस ओले, चिकट.

"ह्याची भूक गेली," दादा म्हणाले.

"भूक गेली तर शिट्टी कोण मारतंय?" आई म्हणाली. "भूक हाय. उतरत नाय." वाटी पदराने पुसत बसली. तिला कोण आठवत होतं ते दादांना आणि मला कळलं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती थेट खोक्यापाशी बसले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. भूक आहे, जबडा हलतोय, मग अडतंय कुठे? तोंडात, की घशात, की त्याच्याही खाली? पुढचे चार दात मी ओठ वर करून बघितले. पिवळसर, पण सरळ, एकमेकांवर बसणारे. पुस्तकातली एक गोष्ट आठवली: माणसासारखंच गिनीपिगालाही 'क' जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. नाही मिळालं तर हिरड्या सुजतात. मी आईला म्हटलं, "आवळा दे."

"आवळा आन् ह्याला? मला देत नाय कुणी."

आवळ्याचा रस काढला, पेनात शाई भरायचा ड्रॉपर गरम पाण्यात उकळून घेतला, आणि थेंब थेंब ओठाच्या कडेने सोडला. पुढे सोडला तर बाहेर ओघळायचा. तोच थेंब गालात जरा आत सोडला तर गळा हलायचा आणि थेंब जायचा. मी पुन्हा करून बघितलं. पुढे सोडला, बाहेर. आत सोडला, आत.

"आई, घसा बंद नाहीये."

"तुला काय म्हाईत? डोळ्यानं बघितलास का घसा?"

डोळ्याने बघितला नव्हता हे खरं. म्हणून मी बीट किसून त्याचं पाणी काढलं आणि तेच ड्रॉपरने दिलं. खोक्यात खाली कोरा कागद अंथरला. सकाळी मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात आईची किंकाळी.

"अगं धाव! रगात मुततोय त्यो!"

मी ओल्या केसांनी धावत आले. कागदावर गुलाबी डाग होता. मला इतका आनंद झाला की आईने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं.

"रक्त नाही, बीट आहे. काल पाजलेलं. म्हणजे खालपर्यंत गेलं! घसा उघडा आहे, पोट उघडं आहे. अडतंय ते तोंडात."

दादा चहा पीत होते. "एवढा खर्च करून शिकवली," ते म्हणाले, "ती उंदराचं मूत बघून नाचती." पण कप ठेवून तेही कागद बघायला आले.

तोंडात अडतंय म्हटल्यावर तोंडात बघायला हवं, आणि गिनीपिगचं तोंड म्हणजे काय असतं? ओठ उघडले तर पुढे दात, आणि त्यांच्यामागे दोन्ही गाल आत वळून आलेले, जशी दुपदरी गोणी शिवून टाकावी. टॉर्चने लालसर अंधार दिसायचा. त्याने दोनदा मला नखं मारली. तोवर तो इतका हलका झाला होता की उचलताना हात आपोआप वर जायचा. आई म्हणाली, "दवाखान्यात चल."

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात आम्ही दोघी भाजीची टोपली घेऊन गेलो. टोपलीत टॉवेल, टॉवेलात म्हातारबा. काकूने जाताना विचारलंच, "कुठं निघालात मायलेकी?" आईने सांगितलं. "अगं बया! पोरीला स्थळ बघायचं सोडून उंदराला डागदर?" आई म्हणाली, "स्थळाला भूक लागली तर त्ये स्वतः खाईल." आणि चालायला लागली.

दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली गर्दी होती. बोकड, पाय बांधलेली म्हैस, आणि पंचवटीकडचा एक टांग्याचा घोडा. घोड्याचं काम चालू होतं म्हणून आम्ही कडेला बसलो. डॉक्टरांनी घोड्याची जीभ एका हाताने बाजूला ओढून धरली होती, आणि दुसऱ्या हाताने हातभर लांब दांड्याची कानस त्याच्या गालात घालून खरखर घासत होते. टांगेवाला घोड्याच्या मानेला मिठी मारून त्याला शिव्या आणि लाडाची नावं आळीपाळीने देत होता.

मी बघत होते ते घोड्याच्या पायाजवळ. तिथे गवताचे ओले बोळे पडले होते. चावलेले, लाळेने माखलेले, न गिळता टाकून दिलेले. तसेच बोळे, फक्त वाटाण्याएवढे, गाजराचे आणि भाताचे, मी रोज खोक्यातून काढत होते.

"ह्याला काय झालंय?" मी टांगेवाल्याला विचारलं.

"म्हातारा झालाय, ताई. दात वाढतात कडेनं. टोचतात गालाला. मग चघळतो आन् टाकून देतो."

"घोड्याचे दात म्हातारपणी वाढतात?" आईने विचारलं. "पडत नाय?"

टांगेवाला हसला. "माणूस हाय का त्यो, पडायला?"

मी उठून उभी राहिले. मला आमच्या विभागाच्या काचेच्या कपाटातली गिनीपिगची कवटी आठवली. पुढचे दात सगळ्यांना दाखवायचे: बघा, कुरतडणाऱ्या प्राण्यांचे दात आयुष्यभर वाढतात. मागच्या दाढांकडे कुणी बघायचं नाही. पण गिनीपिगच्या दाढाही बंद मुळाच्या नसतात, त्याही वाढत राहतात, हे त्याच पानावर खालच्या ओळीत होतं. परीक्षेला ते कधी आलं नव्हतं.

आमचा नंबर आला. डॉक्टर कानस धुत होते. टोपलीत बघून ते थांबले. "बाई, मी बैल बघतो, म्हशी बघतो, कुत्रं चावलं तर इंजेक्शन देतो. हे मी कॉलेजात बघितलं त्यानंतर आजच."

"मीही कॉलेजातच बघितलाय," मी म्हटलं. "याच्या दाढा बघायच्या आहेत, सर. घोड्यासारख्याच वाढल्या असाव्यात. घसा उघडा आहे, मी तपासलंय."

"कसं तपासलंत?"

"बिटाचं पाणी दिलं."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग आत जाऊन कुत्र्याच्या कानात बघायचं, दिवा लावलेलं नळकांडं घेऊन आले. आईने म्हातारबाला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. डॉक्टरांनी नळकांडं ओठाच्या कडेने हळूच सरकवलं, एक डोळा मिटला, आणि नळकांडं इकडून तिकडे वळवून बघितलं.

"या, बघा," ते म्हणाले.

मी डोळा लावला. आधी नुसता ओला गुलाबी रंग. मग दिसलं. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा आतल्या बाजूला झुकत झुकत वाढल्या होत्या आणि मधोमध त्यांची टोकं जवळजवळ टेकली होती. जिभेवर पूल बांधावा तशा. जीभ त्या पुलाखाली अडकली होती. ती मागे जाऊन घास ढकलणार कशी? मी इतकी बघत राहिले की आईने कोपराने ढोसलं, "मला दाव की!"

आईने बघितलं. एक डोळा मिटायला तिला जमत नव्हतं म्हणून मी तिच्या डोळ्यावर हात धरला. "जीभ दाबून धरलीये," ती हळूच म्हणाली. "जित्याजागत्याची जीभ बांधून ठेवलीये."

"हे कातरता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण भूल द्यायची माझी हिंमत नाही. एवढ्याशा जिवाला किती द्यायची मला माहीत नाही. तसंच केलं तर घाबरून हातातच जाऊ शकतो. नाही केलं तर उपाशी जाईल. तुम्ही ठरवा."

मी आईकडे बघितलं. शिकलेली मी होते, पण तो तिचा होता.

"करा साहेब," आई म्हणाली. "उपाशी नको. माझ्या दारात आता कुणी उपाशी जायला नको."

तिने त्याचं डोकं अंगठा आणि बोटात धरलं, मी नळकांड्याचा दिवा धरला, आणि डॉक्टरांनी वाकड्या टोकाची बारीक चिमटकात्री आत घातली. म्हातारबा एकदा ओरडला. शिट्टी नव्हती ती. आई सारखं बोलत होती, "झालं रं माझ्या राजा, झालं, मेथी देते, झालं..." कट्‌ असा आवाज आला. मग पुन्हा एकदा. डॉक्टरांनी चिमट्याने काहीतरी काढून आईच्या तळहातावर ठेवलं. तांदळाच्या कणीएवढे, पिवळट, टोकदार दोन तुकडे.

तो जिवंत होता. टॉवेलात त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की आईची बांगडी वाजत होती.

"खायला काय देता?" डॉक्टरांनी हात पुसत विचारलं.

आईने ताठ मानेने सांगितलं. भात, दुधातलं बिस्कीट, बटाटा, किसलेलं गाजर. "सगळं मऊ, साहेब. एक कडक चीज लावत नाय त्याच्या तोंडाला."

डॉक्टरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, याचे दात वाढायचे थांबत नाहीत. गवत चावून चावूनच ते झिजतात. दाताला काम राहिलं नाही, म्हणून ते असे वाढले. याला कडक द्या. गवत द्या. वाळलेलंसुद्धा."

"म्हाताऱ्याला?" आई म्हणाली.

"म्हाताऱ्यालाच."

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. टोपली मांडीवर, मूठ मिटलेली. मुठीत ते दोन तुकडे होते. मला वाटलं तिला लागलं असेल ते बोलणं. पण उतरताना ती म्हणाली, "मग सशाचं पण असंच असंल का गं? आन् खारीचं?" मी म्हटलं, हो, त्यांचंही. "म्हशीचं?" म्हशीचं असं नाही. "का?" मला सगळ्याची उत्तरं आली नाहीत. जेवढी आली तेवढी दिली. घर येईस्तोवर तिचे उंट, शेळी आणि हत्ती एवढे विचारून झाले होते.

त्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही. जीभ इतके दिवस दबलेली, तिला हलायची सवय राहिली नव्हती. ड्रॉपरने आवळ्याचा रस आणि पेज तेवढी गेली. वाटी धुऊन आईने फडताळात पालथी ठेवली. सवयीने दोनदा हात तिकडे गेला, आणि दोनदा तिने तो मागे घेतला.

सकाळी ती लवकर बाहेर पडली आणि पाटाच्या कडेची दव असलेली हरळी ओच्यात भरून आणली. ती फडक्याने पुसली, खोक्यासमोर मांडी घातली, आणि एकच काडी जाळीतून आत धरली. मी आणि दादा मागे उभे. म्हातारबा सरकत आला. शिट्टी मारली, फार बारीक. काडीचं टोक तोंडात घेतलं. जबडा हलला. काडी तोंडात हळूहळू आत गेली, थांबली, पुन्हा गेली. आईने दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या गळ्याखाली लावलं होतं.

"गेला," ती म्हणाली. "बोटाला कळलं. खाली गेला घास."

आणि मग तो आवाज आला. पाटीवर खडू. किती महिने तो घरात नव्हता हे आम्हाला तो आल्यावरच कळलं. दादा बाहेर जाऊन पुन्हा मूठभर हरळी घेऊन आले.

आई तशीच बसून होती. एकेक काडी देत, बोट गळ्याशी. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या आज्याच्या तोंडात कुणी बघितलं व्हतं का गं?"

मला आठवेना. दादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही. डॉक्टर घरी आले होते, नाडी बघितली, छाती बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली करून बघितल्या. वय झालंय म्हणाले. आम्हीही म्हणालो. तोंडात कुणी बघितलं नव्हतं.

"माणसाचे दात असे वाढत नाहीत, आई," मी म्हटलं. "त्यांचं दुसरं काही असेल."

"दुसरंच असंल," ती म्हणाली. "पण काय, ते बघायचं तरी." मग ती जाळीपासून उठली, दाराच्या उजेडात गेली, पायरीवर बसली आणि डोकं मागे टेकलं. "टॉर्च आण."

"कशाला?"

"माझं बघ. डाव्या अंगाला कायतरी टोचतंय लय दिवस. गरम चहा झोंबतो. मी म्हणलं वय झालं."

मी टॉर्च आणली. आईने तोंड उघडलं. तिच्या तोंडात मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. मिसरीने काळवंडलेल्या दाढा होत्या, शेवटची अर्धी तुटलेली, तिची कड जिभेच्या बाजूला वळली होती, आणि जिभेवर तिथे एक पांढरा ओरखडा.

"दिसतंय," मी म्हटलं. "हलू नकोस."

खोक्यातून शिट्टी आली. हरळी संपली होती. आई तोंड उघडं ठेवूनच काहीतरी म्हणाली, आम्हा दोघांनाही कळलं नाही. दादा पुढे झाले आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून, देठासकट, सगळीच्या सगळी आत ठेवली.